जादूगाराभोवतीचं कंपाउंड

आमच्या टेबलावर चार माणसं बसतात आणि त्यांतलं एकही चाळिशीच्या आतलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाची फसगत व्हायला नको. रविवारी दुपारी, पनवेलमधला सुज्ञ माणूस मासळीचं जेवण उरकून पंख्याखाली आडवा होतो त्या वेळी, आम्ही करंजाड्यातल्या एका सॅम्पल फ्लॅटमध्ये जमतो आणि राक्षस मारतो.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे न बांधलेल्या इमारतीतलं बांधलेलं घर. त्यात सगळं असतं आणि काहीच खरं नसतं. टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं प्लॅस्टिकची, कपाटातली पुस्तकं नुसत्या पाठी. पलंग मुद्दाम आखूड केलेला, म्हणजे खोली मोठी वाटावी. बाल्कनीच्या दारापलीकडे डोंगर, झाडी आणि वर एक विमान, हे सगळं एका फ्लेक्सवर छापलेलं. आमच्याकडे कुठलीही जागा विमानतळापासून दहा मिनिटांवर असते, तशी हीसुद्धा होती. असल्या घरात बसून काल्पनिक राज्यात फिरायला माणसाला फार लांब जावं लागत नाही.

फ्लॅटचे मालक शेठ. त्यांच्या वाडवडिलांची भातशेती आणि खाडीकडेला थोडं मिठागर होतं. जमीन गेली, त्या बदल्यात प्लॉट आले आणि शेठ बिल्डर झाले. दुसऱ्या डॉक्टर, दातांच्या. आठवडाभर लोकांच्या तोंडात हळुवार बोटं घालून घालून रविवारी त्यांना कुणाला तरी कुऱ्हाडीने हाणावंसं वाटायचं. तिसरे काका, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यभर लोक कसे मरतात याचा इतका विचार केला होता, की स्वतः जगायचं त्यांना निवृत्तीनंतरच सुचलं. आणि चौथा मी. बेलापूरच्या एका कार्यालयात नोकरी करतो. तरुणपणी नाट्यस्पर्धांमधून मी भालदार, हवालदार, दुसरा शिपाई अशा भूमिका गाजवल्या. गाजवल्या हे माझं मत.

आमच्या कार्यालयातला एक तरुण परदेशी गेला तेव्हा जाताना या खेळाची पेटी माझ्या गळ्यात घालून गेला. खेळ सोपा आहे. एकाने गोष्ट सांगायची: तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून घोरण्याचा आवाज येतोय. बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही सूत्रधार म्हणतो आणि तो मी. म्हणजे सगळे राक्षस मी, सगळे राजे मी, घोरणाराही मीच. तरुणपणभर दुसरा शिपाई केलेल्या माणसाला याहून दुसरा स्वर्ग कुठला?

पहिल्या दिवशी पात्रं निवडायची होती. प्रत्येक पात्राची एक जात असते, म्हणजे योद्धा, पुजारी, जादूगार वगैरे, ठरावीक प्राण असतात, म्हणजे तो किती मार सोसेल त्याचा आकडा, आणि एक लेव्हल. सुरुवात सगळ्यांची पहिल्या लेव्हलपासून. मी एवढं समजावून सांगितलं आणि ताबडतोब वाद पेटला. पहिल्या लेव्हलला सगळ्यांत बळकट कोण?

"योद्धा," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला बारा प्राण. अंगात चिलखत. हातात कुऱ्हाड. विषय संपला."

"पुजारी," काका म्हणाले. "प्राण नऊ, चिलखत आहेच, शिवाय जखमा बऱ्या करतो. योद्धा पडला तर त्याला उठवणार कोण? आपणच."

"आन जादूगार?" शेठनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. जादूगाराला प्राण चार. चिलखत नाही. मंत्र एक, तोही दिवसातून एकदाच. तो संपला की उरलेला दिवस काठी घेऊन बाकीच्यांच्या मागे उभं राहायचं.

"मी असल्याला पॉलिसी दिली नसती," काका म्हणाले. "हप्ता कितीही भरू दे."

शेठनी प्लॅस्टिकचं सफरचंद हातात घेऊन फिरवलं. "सूत्रधार, येक सांगा. मागाहून सगल्यांत मोठा कोन होतो?"

"मागाहून जादूगारच. पाचव्या लेव्हलला तो आगीचा गोळा फेकतो. तेव्हा योद्धे नुसते बघत राहतात."

"मंग झाला तं. लिवा जादूगार." आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "तुमचा योद्धा म्हंजे तयार फ्लॅट. आज घ्या, आज रावा. आमचा जादूगार म्हंजे प्लॉट हाय."

मला वाटलं, हा विनोद. अख्खा हंगाम मी त्याला विनोद समजत राहिलो.

मग शेठनी दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून खरं कारण सांगितलं. त्यांची मुलगी बेंगळुरूला नोकरीला. तिथे तिचा या खेळाचा मोठा कंपू, सूत्रधार तीच. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, पण बाप-लेकीचं बोलणं ठरलेलं. जेवलीस का? हो. तुम्ही? आता जेवणार. आईला देतो. शेठना हे टोचत होतं. जिच्यावर बोलता येईल अशी एकही गोष्ट दोघांत उरली नव्हती. म्हणून त्यांनी एकदा धीर करून तिला विचारलं, दिवाळीला येशील तेव्हा आमाला पन घेशील का तुझ्या खेळात?

"तं काय बोलली?" शेठ सांगत होते. "बोलली, बाबा, माज्या टेबलावर तिसऱ्या लेव्हलशिवाय कोनाला घेत नाय. सोता कमवून या. आयता मिलनार नाय."

"बरोबर आहे तिचं," काका म्हणाले.

"बरोबर हाय ते मना पन माहीत हाय, साहेब. पोरगी कोनाची हाय?"

तर हे असं होतं. महिना मे होता. दिवाळीपर्यंत शेठचा जादूगार जिवंत राहून तिसऱ्या लेव्हलला पोचायला हवा होता.

पहिल्याच दिवशी तो मेला.

मला तर तो प्रसंग रंगवण्याचा मोह अजून आवरत नाही. संध्याकाळची वेळ, खाडीकाठची वाट, योद्धा पुढे, पुजारी मध्ये, जादूगार शेवटी. मी वातावरणनिर्मिती म्हणून, नुसती वातावरणनिर्मिती म्हणून, म्हटलं की वाटेवरून एक चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, आडवी गेली.

"केवरी?" शेठ.

"चांगली परातीएवढी."

"पकरतो. रातच्याला रस्सा होईल."

मी फासा पुढे केला. शेठनी टाकला. एक. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे माणसाने जे ठरवलं असेल त्याच्या नेमकं उलटं. चिंबोरीने डेंगा, म्हणजे नांगी, उघडला आणि जादूगाराच्या मनगटावर मिटला. एका डेंग्याचं नुकसान चार. जादूगाराचे प्राण चार. हिशेब इतका चोख जुळला, की काकांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं.

"माझ्या पुजाऱ्याकडे जखम बरी करायचा मंत्र आहे," ते म्हणाले. "पण आधी मला सांगा, जखम मोहिमेच्या कामात झाली, की स्वतःच्या जेवणाच्या सोयीसाठी?"

हा निकाल लागेपर्यंत जादूगार गेला. आयुष्यभर चिंबोऱ्या फोडून खाल्लेल्या माणसाला चिंबोरीनं खाल्लं. डॉक्टर हसून हसून आखूड पलंगावर आडव्या झाल्या, त्यांचे पाय बाहेर.

शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी लगेच मेलेल्याचा सख्खा धाकटा भाऊ काढला, वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव चढवावं तसं त्याचं नाव कागदावर चढवलं, आणि मला विचारलं, "याला पन येक मंत्र भेटंल नं? कंचा घेऊ?"

मी तीन मंत्र सांगितले: उजेडाचा, अदृश्य ढालीचा आणि झोपेचा. शेठनी पुठ्ठ्याच्या टीव्हीवरचं घड्याळ बघितलं, जांभई दिली आणि म्हणाले, "झोपेचा द्या. आयतवारची दुपार हाय."

दुसऱ्या रविवारी ते विचार करून आले होते. बसले न बसले तोच म्हणाले, "सूत्रधार, आमचा मानूस गावात थांबतो. तुमी जा गुहेत. आमच्या जादूगाराला पयला कंपाउंड पायजे."

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे माणसाला जागा मिळाली की तो घर बांधत नाही, झाड लावत नाही, आधी कंपाउंड घालतो. चार बाजूंनी भिंत, एक गेट, गेटाला कुलूप. मग तो निघून जातो. जागा आत एकटी पडून राहते, तिच्यात गवत वाढतं, आणि गवताबरोबर भाव. ज्याने मधल्या काळात जागेला हात लावला नाही तो शहाणा ठरतो. या शहाणपणावर आमच्याकडे तीन पिढ्यांची लग्नं झाली आहेत. शेठना मी वेडा म्हणू शकत नाही. माझ्याच मालकीचा पाऊण गुंठा द्रोणागिरीला कंपाउंडात पडून आहे.

तेव्हा शेठनी जादूगाराजवळची सगळी नाणी खर्चून त्याच्याभोवती भिंत घातली. पुढच्या रविवारी गेट. त्याच्या पुढच्या रविवारी गेटावर पाटी: ही जागा खाजगी मालकीची आहे. मी उत्साहाच्या भरात एक बहिरा वॉचमन करून दिला, त्याला दम्याचा आवाज दिला, आणि स्वतःवरच खूश झालो. शेठ टेबलावरच्या इमारतीच्या मॉडेलमधलं प्लॅस्टिकचं कुंपण उचलून आणायचे आणि त्यात आपला जादूगार उभा करायचे. जादूगार म्हणजे त्याच मॉडेलमधला छत्री धरलेला एक बोटाएवढा माणूस. खऱ्या इमारतीचं जोतं तेव्हा नुकतं वर आलं होतं, त्यामुळे मॉडेलमधल्या रहिवाशांना इतर काही काम नव्हतं.

मग डॉक्टर आणि काका गुहेत जायचे. डॉक्टरांची कुऱ्हाड चालायची. काका बारीक चौकशी करून जखमा भरायचे. शेठ टेबलाशी बसून वडे, भजी, कोळंबीचं लोणचं पुरवायचे आणि मध्येच एकदा विचारायचे, "आमचा मानूस बरा हाय नं?"

"बरा आहे, शेठ."

"भितीला काय धोका?"

"कसलाही नाही."

"बास."

त्या काळात आमच्या तिघांत ही एकच चर्चा रंगायची, की पहिल्या लेव्हलला कोण किती पाण्यात आहे. डॉक्टरांचं म्हणणं, योद्धा कामाच्या पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. काका म्हणत, योद्धा म्हणजे पगारदार: महिन्याला तेवढंच, वर्षाला थोडी वाढ, आणि एक दिवस सत्काराला नारळ. पुजारी म्हणजे सरकारी पगारदार, तो पडतच नाही.

"आन जादूगार?" शेठ हसून विचारायचे.

"जादूगार म्हणजे बिनशेती न झालेली जमीन," काका म्हणायचे.

"साहेब, आमच्या सगल्या जमिनी आदी तशाच होत्या. तुमी आता त्यातल्या येका बिल्डिंगमदे रातात."

काका वडा उचलायचे, कारण ते खरंच तिथे राहत होते. तिसऱ्या मजल्यावर, पूर्वाभिमुख.

असा पावसाळा गेला. गणपती गेले. नवरात्रात एका रविवारी शेठ नव्या शर्टात आले, बसले, आणि चहाचा पहिला घोट घेऊन सहज म्हणाले, "पोरीचा फोन आल्ता. दिवालीचा तिकीट काढलाय. विचारत होती, बाबा, कितवी लेव्हल? मी बोललो, सूत्रधाराला विचारून सांगतो. तिसरी तं झालीच असंल नं?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी काकांकडे. काकांनी प्लॅस्टिकच्या द्राक्षांकडे.

"शेठ," मी म्हटलं, "पहिली."

"कोनाची?"

"तुमची. म्हणजे जादूगाराची."

"आन यांची?"

"तिसरी."

"आमी सगले येकदमच सुरू केला नं? मे मयन्यात?" शेठचा आवाज चढला नाही. नुसतं विचारत होते. "आमचा तं कायपन वाकडा झाला नाय. येक खरचटा पन नाय. मंग लेव्हल का नाय वारली?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडताना बरंच काही घेऊन पडला. हा माणूस पाच महिने नाटक करत नव्हता. कोपऱ्यात उभा राहून तो विनोद करत नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की जादूगार नीट राखला, भिंतीत ठेवला, कुणाला हात लावू दिला नाही, की त्याची लेव्हल चढते. त्याच्या आयुष्यात आजवर जे जे चढलं होतं ते असंच चढलं होतं. मग इथेच नियम वेगळा कशाला असेल?

मी सावकाश समजावलं. लेव्हल संकटात उतरून चढते. जो गुहेत जातो त्याला पदरी पडतं. घरी राहतो त्याला नाही.

"हे मना कोनी बोलला नाय."

"आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज फारच हळू होता, रुग्णाला दुखणार नाही म्हणतात तेव्हा असतो तसा.

काका खाकरले. काकांना संकटात उपाय सुचतो, आणि तो नेहमी एकच असतो. "माझी सूचना अशी की आपण ठराव करू. शेठ पहिल्या दिवसापासून सभासद आहेत, एकही रविवार चुकवलेला नाही, वडे त्यांचे. सेवाज्येष्ठतेनुसार त्यांना तिसरी लेव्हल देण्यात यावी. डॉक्टर अनुमोदन देतील."

"दिलं," डॉक्टर म्हणाल्या.

मीही मान हलवणार होतो. सूत्रधार म्हटला तरी शेवटी मी नोकरदार माणूस. बढती अशीच मिळते यावर माझा तेवढाच गाढ विश्वास आहे जेवढा शेठचा कंपाउंडवर.

"नको," शेठ म्हणाले. "पोरगी विचारंल, बाबा, कशी चरली लेव्हल? काय सांगू? ठराव पास केला?" त्यांनी प्लॅस्टिकचं कुंपण उचललं, क्षणभर हातात धरलं आणि मॉडेलमध्ये जागच्या जागी नेऊन ठेवलं. छत्रीवाला माणूस टेबलावर एकटा राहिला. "पुरच्या आयतवारी आमी येतो तुमच्यासंगती. काय व्हायचा ते होवदे."

पुढचा रविवार म्हणजे दिवाळीआधीचा शेवटचा. मी आठवडाभर बेत रचत होतो. पहिल्या लेव्हलचा माणूस एका दुपारीत तिसऱ्याला न्यायचा तर संकटही तसंच मोठं हवं. मी जागा निवडली मिठागराची: पांढरे वाफे, मधून चिखलाचे बांध, वर उन्हाची तिरीप. मिठागरात लुटारूंची टोळी, आणि टोळीने पाळलेली एक राक्षसी चिंबोरी, बैलगाडीएवढी.

"परत चिंबोरी?" शेठ म्हणाले.

"जुना हिशेब आहे, शेठ."

त्या दिवशी वड्यांना कुणी हात लावला नाही. डॉक्टर बांधावरून पुढे गेल्या, कुऱ्हाड फिरली, दोन लुटारू वाफ्यात पडले. पण बांध अरुंद, लुटारू दोन्हीकडून आले, आणि फासे त्या दुपारी डॉक्टरांवर रुसले होते. बघता बघता योद्ध्याचे तीन प्राण उरले. काका जखम भरायला पुढे सरकले. या वेळी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, ही माझ्या लेखी त्या मोहिमेतली सर्वांत अद्भुत घटना. पण वाटेत त्यांनाच एक भाला लागला. पुजाऱ्याचे दोन. समोर सहा लुटारू धडधाकट, त्यांच्या मागून चिंबोरी रांगत येत होती, आणि मी तिचा आवाज काढत होतो, दोन वाट्या एकमेकींवर घासून.

"शेठ, तुमची पाळी."

"झोपेचा मंत्र," शेठ म्हणाले.

पाच महिने कुलपात पडून असलेला मंत्र. आता एक गोष्ट जाणकार तुम्हाला सांगतील, आणि आमच्या सगळ्या वादात ती आम्हा तिघांना सुचली नव्हती. पहिल्या लेव्हलला हा मंत्र म्हणजे ब्रह्मास्त्र असतं. योद्धा घावाला एक माणूस पाडतो. हा एका फुंकरीत टोळी झोपवतो. टेबलावरचं सगळ्यांत दुबळं पात्र सगळ्यांत मोठं शस्त्र खिशात घालून गेटच्या आत गवतात उभं होतं, आणि आम्ही त्याच्याकडे बघून बिनशेती न झालेली जमीन म्हणत होतो.

शेठनी मूठभर फासे टाकले. सगळे चांगले पडले. मी बेरीज केली, नियम आठवला आणि बेरीज पुन्हा केली.

"हा मंत्र," मी म्हटलं, "समोर असेल त्या सगळ्यांवर चालतो. ज्याचे प्राण सर्वांत कमी, तो आधी झोपतो."

"मग?" काकांनी विचारलं.

"पुजारी झोपला. मग योद्धा झोपला. मग सहाही लुटारू."

"मी तुमचाच माणूस आहे," काका शेठना म्हणाले.

"साहेब, मंत्राला काय कलतंय कोन कोनाचा?"

"आणि चिंबोरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती फार मोठी आहे. ती जागी आहे."

टेबलावर आठ माणसं आडवी, आणि उभे दोघे: बैलगाडीएवढी चिंबोरी आणि छत्रीवाला. आता सूत्रधार म्हणून मला न्यायाने वागायचं होतं, म्हणून मी उघड सांगितलं. "शेठ, अख्खी टोळी तुम्ही झोपवलीत. त्याचं जे पदरी पडेल ते तिसऱ्या लेव्हलला पुरतंय. चिंबोरी हळू चालते. बांधावरून मागे पळालात तर ती तुम्हाला गाठू शकत नाही. जिवंत गावात पोचा. झालं."

"आन हे दोगं?"

"ते तिच्या वाटेतच झोपलेत."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. डॉक्टर म्हणाल्या, "शेठ, जा तुम्ही. खरंच. आमची पात्रं काय, पुढच्या रविवारी नवी काढू. मुलगी येतेय तुमची."

शेठ छत्रीवाल्याकडे बघत बसले. बाहेर कुठेतरी काँक्रीट मिक्सर चालू होता. फ्लेक्सवरचं विमान कधीपासून त्याच जागी होतं.

"चिंबोरी बिलात असली का आमी लहानपनी काठी घालायचो," ते म्हणाले, आम्हाला की स्वतःला कळलं नाही. "ती काठी धरते. येकदा धरली का सोरत नाय. सूत्रधार, आमच्या मानसाकरं काठी हाय नं?"

"आहे."

"मंग ती तिच्या डेंग्यात देतो. आन पायानं डॉक्टरांना ढोसतो. उठा बोलतो."

फासा. सतरा. चिंबोरीने काठी धरली. दुसरा फासा. डॉक्टरांचा योद्धा डोळे चोळत उठला.

आणि मग माझी पाळी आली. चिंबोरीला डेंगे दोन असतात. मी फासा हातात धरून जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला, आयुष्यात पहिल्यांदा नाट्यमय परिणामासाठी नाही. टाकला. लागला. एका डेंग्याचं नुकसान आता चारापेक्षा कितीतरी जास्त होतं, पण चार पुरले असते.

"मेला," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पुढच्याच फाशात चिंबोरी उभी चिरली. इतका सुंदर घाव त्या हंगामात झाला नव्हता, आणि कुणी वाहवा केली नाही. काका तेवढे म्हणाले, "मी झोपलेलो होतो. नाहीतर बिनचौकशी बरा केला असता." आणि ते खरं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

शेठ उठले. फोन घेऊन खोट्या बाल्कनीकडे गेले आणि दार ओढून घेतलं. सॅम्पल फ्लॅटच्या भिंती प्लायवुडच्या असतात. दार लावलं काय, नाही लावलं काय.

"मेला," आम्हाला ऐकू आलं. "हां. आज. नाय, पयलीच होती. पयलीच... ती मोठी गंमत हाय, तुला मागाहून सांगतो... चिंबोरीनं. हां, परत. नाय गो, आईला नाय देत, ऐक तं आदी. मिठागर होता. बांदावर आमी तिगं..."

आम्ही टेबल आवरलं. फासे पेटीत ठेवले. गार झालेले वडे खाल्ले. शेठ अजून मिठागरातच होते, नुकता पहिला लुटारू पडला होता. मध्ये एकदा त्यांचं हसू ऐकू आलं, मग बराच वेळ ते नुसते हां, हां करत होते, म्हणजे पलीकडून कुणीतरी बरंच बोलत होतं. आम्ही चपला घातल्या आणि निरोप न घेताच बाहेर पडलो.

दिवाळीत पाडव्याच्या दुपारी मुलगी सॅम्पल फ्लॅटवर आली. बापासारखीच ठेंगणी, बापासारखीच भुवई वर करून बघणारी. तिने पुठ्ठ्याचा टीव्ही बघितला, आमच्याकडे बघितलं, आणि माझ्या खुर्चीत बसली. मला काकांशेजारी जागा मिळाली. तीस वर्षांनी मी पुन्हा दुसरा शिपाई.

"सगळे पहिल्या लेव्हलपासून," ती म्हणाली.

"माझा पुजारी तिसऱ्याला आहे," काका म्हणाले. "माझी सेवा..."

"पहिल्या, काका."

"पण तुझा नियम तर तिसरीचा होता ना गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"होता. तिसरीशिवाय आलं की लोक पहिल्याच मारामारीत पळतात, म्हणून केला होता." ती फासे मांडत होती, वर बघितलं नाही. "बाबा, तुम्ही काय घेताय?"

"जादूगार."

"चार प्राण."

"माहीत हाय."

मी योद्धा घेतला. महिन्याला तेवढंच, वर्षाला थोडी वाढ. शेठनी मॉडेलमधून छत्रीवाल्याला उचलून टेबलावर उभा केला, खुर्ची पुढे ओढली आणि घसा साफ केला. खेळ सुरू व्हायचाच होता.

"येक विचारायचा हाय," ते म्हणाले. "याला कंपाउंड..."

"नाही मिळणार, बाबा," मुलगी म्हणाली, आणि फासा त्यांच्या हातात दिला.